पेडल स्टीलवर बाखचे कोराल वाजवताना

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पायातल्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी गिटार; कोराल म्हणजे चर्चमधली स्तोत्रगीतं. ई-९ ट्यूनिंगमध्ये (तारा जुळवण्याची एक पद्धत) बार, म्हणजे तारांवर टेकवायचा धातूचा दांडा, तिसऱ्या फ्रेटवर ठेवा आणि ४, ५, ६ या तारा एकदम छेडा. जी मेजर मिळेल. आता ‘बी’ नावाचं पेडल दाबा: सहाव्या तारेवरचा बी सूर चढून सी होतो, बाकीचे दोन सूर जागचे हलत नाहीत. पेडल सोडलं की सी पुन्हा बी वर उतरतो. बाखच्या कोरालांत पावलोपावली भेटणारं चार-तीन सस्पेन्शन (कॉर्डच्या तिसऱ्या सुराच्या जागी आधी चौथा धरायचा, मग तिसऱ्यावर उतरायचं) ते हेच, आणि या वाद्यावर ते फार सुंदर लागतं! फक्त पाय ठोक्यावर झटकन उचला. रेंगाळलात तर कंट्री संगीतातली मींड ऐकू येते. व्हायब्रॅटो नको, व्हॉल्यूम पेडलही स्थिर. सहावी तार, म्हणजे कॉर्डचा गांधार, मी किंचित उतरती लावतो; कॉर्ड गोड होते.