नऊवारी साडीचं नेट आणि बॉलगर्लची तयारी

सोलापुरात महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) टेनिस स्पर्धा ठरली की शाळेला निरोप येतो, बॉलबॉय-बॉलगर्ल म्हणून, म्हणजे सामन्यात बॉल गोळा करून खेळाडूंना द्यायला, मुलं पाठवा. पहिल्या खेपेला मी क्रिकेटमधली चपळ पोरं निवडली आणि फसले. क्रिकेटच्या पोराला बॉल दिसला की तो झेलणार आणि भिरकावणार. टेनिस कोर्टावर भिरकावणं बंद. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत टेनिस कोर्ट नाही, तरी पंधरा दिवसांत मुलं तयार होतात. इतर पीटी शिक्षकांसाठी आमची रीत सांगते.

मैदानावर फक्कीनं कोर्ट आखा. लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. नेट म्हणून दोन बांबूंना जुनी नऊवारी बांधा. नऊ वार म्हणजे बरोबर २७ फूट, जणू एकेरीच्या कोर्टासाठीच विणलेली! काठ दुमडून मधली उंची ३ फूट ठेवा. खरं नेट दोन्ही बाजूंना आणखी थोडं बाहेर जातं, पण सरावाला एवढं पुरतं.

पहिले चार दिवस फक्त बॉल घरंगळवणं. गुडघ्यात वाकायचं, हात जमिनीलगत, आणि बॉल कोर्टाच्या कडेकडेनं समोरच्या जोडीदाराच्या पायाशी. मातीवर तो उड्या मारतो, म्हणून मी मुलांना व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर बसवते. फरशीची एक रांग धरायची, बॉल शेजारच्या रांगेत गेला की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळतात, कुरकुरतात, पण पाचव्या दिवशी हात सरळ झालेला असतो.

मग जागा. पुरेशी मुलं असतील तर दोघं नेटच्या खांबांपाशी एक गुडघा टेकून, चौघं मागच्या कोपऱ्यांत उभी. पॉइंट चालू असताना कुणी हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. पॉइंट संपला की नेटवाल्यानं झटकन धावायचं. पहिली सर्व्हिस नेटला अडकून बॉल कोर्टात पडला, तर दुसरी सर्व्हिस बाकी असते, तेव्हाही धावायचं. पण सर्व्ह करणारी तयार झाली असेल तर बॉल हातातच धरून थांबा, घरंगळवू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बॉल कुठल्या टोकाला ठेवायचे यात. बॉल नेहमी सर्व्ह करणारीकडे हवेत. खेळाडू पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर बाजू बदलतात आणि सर्व्हिस तर दर गेमला बदलते. त्यामुळे गंमत अशी, की खेळाडूंनी बाजू बदलली तर बॉल तिथंच राहतात आणि नाही बदलली तर बॉल पलीकडे न्यावे लागतात. मुलांना हे उलटं वाटतं. फळ्यावर समजावून उपयोग नाही, दोन पोरांना खेळाडू करून साडीच्या दोन्ही बाजूंना चालवा.

टायब्रेकमध्ये, म्हणजे सहा-सहा गेमची बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, याहून बिकट. पहिला पॉइंट एकीची सर्व्हिस, मग दोन-दोन पॉइंट, आणि दर सहा पॉइंटनंतर बाजू बदल. आमची सातवीतली एक मुलगी पहिल्या पॉइंटनंतर बॉल छातीशी कवटाळून उभी राहिली. समोरची खेळाडू रिकाम्या हातानं वाट बघतेय, अंपायर खुर्चीतून बोलावतोय, आणि ही ढिम्म. सामना संपल्यावर संडासात जाऊन रडली. तेव्हापासून टायब्रेकचा सराव मी शेवटचे तीन दिवस रोज घेते.

बॉल देताना दोन्ही हात दाखवा आणि एकच टप्पा देऊन खेळाडूच्या हातात जाईल असा द्या. काही जणी तीन बॉल मागतात, निरखतात, एक परत करतात. पोरांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. बॉलवरच्या कापडाचे केस कमी उठलेले असले की तो हवेत जोरात जातो, तसा बॉल पहिल्या सर्व्हिसला हवा असतो. टॉवेल मात्र आता खेळाडूंनी स्वतःच घ्यायची पद्धत आहे, कोविडनंतर ती रुजली. टॉवेलच्या गावातल्या पोरांना टॉवेलच धरायला मिळू नये, याची मला जरा खंतच वाटते.

आमच्या मुलांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि अंपायर इंग्रजीत. म्हणून फिफ्टीन-लव्ह, ड्यूस, लेट, फॉल्ट हे पाढ्यांसारखं पाठ करून घ्या.

खेळाडूंविषयीही थोडं सांगून ठेवा. या स्पर्धांच्या दर्जांना डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५ अशी नावं असतात, त्यातला आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे रँकिंग गुण. मोठ्या स्पर्धांकडे जाणारी ही खालची पायरी. व्यावसायिक स्पर्धा चौदा वर्षं पूर्ण झाल्यावरच खेळता येतात, म्हणजे समोरची खेळाडू आपल्या दहावीतल्या ताईएवढी असू शकते, आणि पुष्कळदा कोचशिवाय एकटी आलेली. सामन्याआधी सेल्फी मागू नका. पात्रता फेरीला गर्दी नसते, तेव्हा आदल्या दिवशी मुलांना कुमठा नाक्याच्या कोर्टांवर नेऊन नुसतं बसवा.

खाण्याचं आयोजकांवर सोडू नका. एका वर्षी दुपारी दोनपर्यंत बिस्किटांवर भागवलं. आता मी घरून शेंगदाण्याचे लाडू नेते आणि दर अर्ध्या तासानं मुलं बदलते. डिसेंबरची सकाळ गार असली तरी बाराचं ऊन आपलंच असतं. टोपी हवी, बूट सपाट तळाचे.

ती रडलेली मुलगी आता नववीत आहे. यंदा सहावीच्या पोरांना तीच शिकवते. परवा व्हरांड्यातून तिचा आवाज आला, “काय बे, फेकलास कशाला? घरंगळव म्हटलं ना!”