जुनी जलरंग चित्रं प्रदर्शनासाठी तयार करताना

जुनी-नवी चित्रं शेजारी लावायची, तर आधी जुन्या जलरंगांकडे बघा. कागदाला बाक आला असेल तर पाठीमागून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, दोन टीपकागदांत ठेवा, वर सपाट फळी आणि वजन. दोन दिवस हलवू नका. समोरून पाणी नको, रंग सुटतो.

माउंटला, म्हणजे चित्रामागच्या जाड पुठ्ठ्याला, चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, गव्हाच्या खळीने आणि जपानी कागदाच्या पट्ट्यांनी टांगा. चारही बाजू चिकटवल्या की पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला जागा उरत नाही, लाटा येतात. सेलोटेप? नकोच, पिवळा डाग कायमचा. काच चित्राला टेकली की बुरशी धरते.

नवी अ‍ॅक्रिलिक रंगांतली चित्रं थेट बबलरॅपमध्ये गुंडाळली तर उन्हात गोल ठसे उमटतात, आधी बटरपेपर. फोटो मात्र काच बसवण्याआधीच, सावलीत काढा.