ऑनलाइन तास चालू असताना घंटागाडी कोण गाठणार?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकात आहे. त्यामुळे संसार सांभाळून परीक्षा देणारी बाई इथे कुणाला नवलाची वाटत नाही. पण तीच बाई घरात लॅपटॉपसमोर बसली की ‘रिकामी’ धरली जाते. नवऱ्याची मीटिंग असली की टीव्हीचा आवाज कमी होतो. तिचा तास असला की तिच्याकडेच चहा मागितला जातो. म्हणून सुरुवात घरापासून करा.

१. कामं नावानिशी वाटा

‘माझा क्लास आहे’ एवढं सांगून भागत नाही. घंटागाडीचं गाणं वाजलं की बादली घेऊन कोण पळणार, कुकर कोण बंद करणार, बेल वाजली तर दार कोण उघडणार, हे ठरवून वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. सुरुवातीला कुरकुर होईल, होऊ द्या. कचरा एक दिवस घरात राहिला तरी चालेल. तुम्हीच तास सोडून धावलात, तर वाटणी तिथेच संपली.

२. फोन आणि नाव तुमचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयाच्या ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तासापुरता तो तुमच्याकडे राहील, हे आधी बोलून घ्या. लॉगिन स्वतःच्या नावाने करा. नवऱ्याच्या नावाने बसलात तर सर हाक तरी कोणाला मारणार?

३. स्वतःचा चेहरा लपवा

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ च्या पाहणीत झूम कॉलनंतर खूप थकवा येतो असं सुमारे १४ टक्के स्त्रियांनी सांगितलं, पुरुषांपैकी साधारण साडेपाच टक्क्यांनी. पडद्यावर सतत स्वतःलाच पाहणं हे त्याचं एक कारण. बाईने नीटनेटकंच दिसावं हा धाक इथेही सुटत नाही. झूममध्ये आपल्या चौकटीवरच्या तीन टिंबांवर दाबून ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ निवडा. इतरांना तुम्ही दिसत राहता.

४. प्रश्न आधीच लिहून ठेवा

‘मुलींना गणित जमत नाही’ हे डोक्यात असलं की चूक व्हायची भीती वाढते आणि माइक म्यूटच राहतो. १९९९ च्या एका अमेरिकी प्रयोगात, या चाचणीत स्त्री-पुरुष फरक दिसत नाही असं आधी सांगितल्यावर स्त्रियांचे गणितातले गुण पुरुषांच्या बरोबरीने आले. पुढच्या काही प्रयोगांत मात्र असा परिणाम आढळला नाही, तेव्हा त्याला ब्रह्मवाक्य समजू नका. तरी तास सुरू होताच एक प्रश्न विचारून टाका. पुढचा विचारणं सोपं जातं.

५. शिकवणाऱ्यांसाठी

प्रश्न टाकून थोडं थांबा. जो आधी अनम्यूट होतो त्यालाच दरवेळी संधी देऊ नका, यादीतून नावं घ्या. गटकामात कोडिंग मुलांकडे आणि पीपीटी मुलींकडे जाते. दर आठवड्याला कामं फिरवा.

६. खासगी चॅटमध्ये कोणी त्रास दिला तर

मेसेज पुसू नका. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्या. उच्च शिक्षण संस्थांसाठी लैंगिक छळाबाबत यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे नियम आहेत. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. होस्टला सांगून विद्यार्थ्यांमधलं खासगी चॅट त्याच दिवशी बंद करून घ्या.