मुलांचा पहिला मोबाईल: स्वस्तात घ्या, पण या चुका टाळा

सोलापुरात मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडे लोक फोन घ्यायच्या आधी कधीच येत नाहीत. घेऊन झाल्यावर, अडल्यावर येतात. मुलांच्या पहिल्या फोनचं तर हमखास तसंच. दहावीचा निकाल लागतो, पोरगं हट्ट करतं, बाप नवी पेठेत जातो, फोन घेतो आणि दिवाळीच्या आत तो फोन माझ्या काचेवर येतो. कारणं दरवर्षी तीच असतात. त्यातली बरीचशी दुरुस्तीची नसतातच, खरेदीच्या दिवशीच्या घाईची असतात. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतो.

आधी काम ठरवा, मग पैसे

दुकानात शिरल्याशिरल्या लोक आकडा सांगतात: "पाच हजारात काय आहे?" त्याआधी घरी एक प्रश्न सोडवा. पोराला फोन हवाय कशाला? सहावीतलं लेकरू क्लास सुटल्यावर सात रस्ता चौकातून "आई, घ्यायला ये" एवढंच सांगणार असेल, तर त्याला स्मार्टफोन देऊ नका. बटणाचा फोन पुरतो. दोन-तीन दिवस चार्जिंग टिकतं, खिशातून पडला तरी बहुधा काही होत नाही आणि हरवला तरी घर हादरत नाही. दहावी-अकरावीत क्लासचे ग्रुप, पीडीएफ, रेकॉर्ड केलेले तास यावाचून अडतं, तेव्हा स्मार्टफोन घ्यावा आणि तो बरा घ्यावा. सगळ्यात वाईट सौदा या दोन्हींच्या मधला असतो: तीन-चार हजारांचा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा स्मार्टफोन. त्याचा डिस्प्ले फुटला की बाजारात सुटा भाग मिळत नाही, आणि सहा महिन्यांत साधं व्हॉट्सॲप उघडायला तो रडवतो.

बटणाच्या फोनमध्येही एक फसगत नेहमी होते. घरात आजोबांचा जुना फोन पडलेला असतो, त्यात जिओचं सिम घालतात आणि रेंज येत नाही म्हणून माझ्याकडे आणतात. फोन चांगला असतो. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे टू-जीवर चालणारा जुना फोन त्या सिमवर कधीच बोलणार नाही. बटणाचा घ्यायचा तर खोक्यावर 'फोर-जी' लिहिलेला बघा. आणि जिओ भारतसारखा फोन (२०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला तो) घेणार असाल तर त्यात फक्त जिओचंच सिम चालतं, हे आधी माहीत असू द्या. घरी सगळे एअरटेलवाले असतील तर उगाच वाद होतो.

बिलाशिवाय जुना फोन

यावर मी सगळ्यांत जास्त बोलतो, कारण यात गरिबाचा पैसा जातो.

पूर्व भागातल्या एक विडी कामगार बाई एकदा कारखान्यात विड्या देऊन परस्पर माझ्याकडे आल्या. बरोबर दहावीतली मुलगी. पिशवीतून फोन काढला, तो वरून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, ओल लागू नये म्हणून. "दादा, पोरीचा फोन बघा की, सकाळपासनं काहीच उघडंना." स्क्रीनवर इंग्रजीत एकच मजकूर होता. मुलीनेच वाचून दाखवला: हप्ता थकला आहे, भरा, तोवर फोन बंद राहील. खाली तातडीच्या कॉलचं बटण, बाकी काही नाही. मुलगी वाचत होती आणि आई माझ्याकडे बघत होती, कारण त्यांनी तर कुठलाच हप्ता घेतलेला नव्हता. त्यांनी रोख पैसे मोजले होते, ओळखीच्या ओळखीतल्या एका पोराला.

झालं होतं ते असं. त्या पोराने फोन कर्जावर उचलला, दोन-चार हप्ते भरले आणि अर्ध्या किमतीत या बाईंना विकून मोकळा झाला. कर्जावरच्या फोनमध्ये बऱ्याचदा कर्ज देणाऱ्याचं लॉक आधीच बसवलेलं असतं. हप्ता चुकला की ते दुरून फोन बंद करतात. रीसेट मारला तरी ते जात नाही, नेट लागलं की परत उभं राहतं. बाईंनी त्या पोराला फोन लावला, तर नंबर बंद. कर्ज देणाऱ्यांना लावला, तर ते म्हणाले, ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्याशीच बोलू. बिल नाही, खोकं नाही, लिहून घेतलेलं काही नाही. मुलीची अडचण वेगळीच होती. विज्ञानाच्या वहीची पानं तिने फोटो काढून त्यातच ठेवली होती आणि वही मैत्रिणीला परत दिली होती.

"दुसरीकडे लॉक तोडून देतात म्हणे," त्या म्हणाल्या. देतात, खरंय. पण ते मी करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. तो फोन कायद्याने अजून दुसऱ्याच्या कर्जात असतो, आणि तोडणारा माणूस त्यात काय घालून देतो ते तुम्हाला कधी कळत नाही. त्या बाईंचे पैसे बुडाले. कष्टाचे पैसे असे गेलेले बघायला फार वाईट वाटतं.

जुना फोन घेऊ नका असं मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीचा दोन वर्षं वापरलेला फोन नव्या फालतू फोनपेक्षा कितीतरी बरा. पण माझी पद्धत अशी आहे, आणि ती मी माझ्या सख्ख्या भाच्यासाठीसुद्धा सोडलेली नाही: मूळ बिल बघायचं. फोन कर्जावर घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी बघायची. मग *#०६# दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय (त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) येतो, तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या आकड्याशी जुळवायचा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवायचा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला किंवा नंबर नकली असेल तर उत्तरात कळतं. सेटिंगमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' (फोनवर ताबा दिलेल्या ॲपची यादी) शोधायचं, तिथे कर्जवाल्या ॲपचं नाव दिसलं तर उठून घरी जायचं. शेवटी विकणाऱ्याने माझ्यासमोर स्वतःचं गूगल खातं काढायचं, फोन रीसेट करायचा, मी माझं खातं टाकून फोन सुरू करून बघणार, आणि मगच पैसे. खातं न काढता नुसता रीसेट मारला तर फोन परत जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत बसतो. या सगळ्याला अर्धा तास जातो. विकणारा "मला घाई आहे" म्हणाला तर त्याला खुशाल जाऊ द्या.

दुकानदाराने उघडलेलं खातं

नव्या फोनची ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती शिकलेली माणसं जास्त करतात. "दादा, सगळं तुम्हीच टाकून द्या, आम्हाला उशीर होतोय." काउंटरवरचा पोरगा पाच मिनिटांत गूगल खातं उघडतो. नाव कसंतरी, जन्मसाल मनाला येईल ते, पासवर्ड फोन नंबरचाच. कागदावर लिहून देतो, तो कागद खोक्यात राहतो आणि खोकं रद्दीत जातं. पुढे फोन अडकला, रीसेट करावा लागला की तो पासवर्ड मागतो. तेव्हा कुणालाच तो आठवत नाही, आणि बिलाशिवाय कंपनीचं सर्व्हिस सेंटरही दाद देत नाही.

याहून मोठं नुकसान जन्मसालाचं. खोटं वय टाकून बारा वर्षांचं लेकरू कागदोपत्री पंचवीस वर्षांचं झालं की यूट्यूब आणि प्ले स्टोअर त्याला मोठा माणूस समजूनच सगळं दाखवतात. आपल्याकडे तेरा वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं पालकाच्या खात्याला जोडून उघडावं लागतं, आणि ते काम फॅमिली लिंक या फुकट ॲपमधून होतं. कुठलं ॲप टाकायचं याची परवानगी तुमच्या फोनवर येते, रोजचा वेळ ठरवता येतो, रात्री ठरलेल्या वेळी फोन आपोआप बंद होतो, पोर कुठे आहे तेही दिसतं. तेरा वर्षांच्या वरच्या मुलालाही हे लावता येतं, फक्त त्याच्या संमतीने. त्याला समोर बसवून, काय लावतोय ते दाखवून लावा. चोरून लावलेलं पोरांना कळतंच, आणि मग ती मित्राच्या फोनवर बघायला लागतात.

म्हणून दुकानात फक्त फोन चालू होतो का, स्पीकर, कॅमेरा, चार्जिंग एवढंच बघा. खातं घरी जाऊन, चहा पिऊन, निवांत उघडा. एक रविवार द्या. त्या कामाची घाई करणाऱ्यांविषयी मला अजिबात सहानुभूती नाही. आठ हजार मोजायला जमतात आणि एक तास बसायला जमत नाही, हे मला पटत नाही.

बाबांचा जुना फोन जसाच्या तसा

बाबा नवा घेतात, जुना पोराला. विचार चांगला आहे, पण फोन धुऊन-पुसून द्या. त्यात बाबांचं गूगल खातं, यूपीआय, बँकेचं ॲप तसंच असतं. पोरांना पिन माहीत नसेल असं समजू नका. भाजीवाल्याचे पैसे आई त्यांच्याकडूनच पाठवून घेते. आणि यूपीआय ऑटोपे एकदा पिन टाकून सुरू केलं की पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पिन न विचारता कापले जातात. गेममधल्या कसल्याशा 'फ्री ट्रायल'ला पोराने होकार दिला, आणि बापाला तीन महिने कळलंच नाही पैसे कुठे जातात, अशी प्रकरणं मी पाहिलेली आहेत. खातं काढून, रीसेट करून, पोराच्या खात्याने नव्याने सुरू करून द्या.

सिमचंही तेच. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते पालकाच्याच नावावर घ्यावं लागतं. म्हणून लोक घरात पडलेलं दुसरं सिम घालून देतात, आणि नेमका तोच नंबर बँकेला किंवा आधारला जोडलेला असतो. सगळे ओटीपी सातवीतल्या पोराच्या दप्तरात! नवं सिम घ्या. ज्याच्या नावावर घेताय त्याच्या नावावर आणखी किती नंबर चालू आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. माणशी नऊची मर्यादा आहे, आणि अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवता येतो.

थोडक्यात बाकीच्या

खोक्यावर '८ जीबी रॅम' वाचून भुलू नका. बारीक अक्षरात ४ अधिक ४ लिहिलेलं असतं, आणि त्यातली दुसरी ४ स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते. खरी रॅम ४ जीबी आणि स्टोरेज किमान ६४ जीबी, जमलं तर १२८. बत्तीसवाला फोन घेऊ नका, अर्धी जागा फोनच खातो आणि महिन्याभरात "स्टोरेज फुल" म्हणून पोर माझ्याकडे येतं.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजायची गरज नाही.

स्वस्त फाइव्ह-जी घेणार असाल तर विचारून घ्या: काही फोन फक्त एसए प्रकारचंच (फोर-जीचा आधार न घेता चालणारं) फाइव्ह-जी पकडतात. जिओचं तसं आहे. एअरटेलचं बहुतेक ठिकाणी दुसऱ्या प्रकारचं आहे, तिथे असा फोन फोर-जीवरच राहतो.

सुरक्षा अपडेट अजून किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

मुलाचा पहिला फोन हप्त्यावर घेऊ नका. पैसे साठेपर्यंत थांबा, पोरंही थांबायला शिकतात.

कव्हर आणि काच त्याच दिवशी लावा. "उद्या लावतो" म्हणणाऱ्यांचे डिस्प्ले मी बदलतो.

चार्जर खोक्यात नसेल तर पदपथावरचा शंभरवाला घेऊ नका, बीआयएसचा (सरकारी मानकाचा) शिक्का असलेला घ्या. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. त्यामुळे दुपारी पत्र्याखाली, उशीखाली, कव्हर घालून चार्जिंग बंद. सकाळी लवकर किंवा रात्री झोपायच्या आधी करा. फोनची पाठ फुगलेली दिसली, टेबलावर ठेवल्यावर डुलायला लागला, तर त्या क्षणी चार्जरवरून काढा आणि घेऊन या. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्यात आग लागते.

हरवायच्या आधीची तयारी

दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीनंतर रडवेली पोरं येतात, "फोन गेला, शोधून द्या." आयएमईआय विचारला की एकमेकांकडे बघतात. म्हणून खरेदीच्या दिवशीच बिलाचा आणि खोक्यावरच्या आकड्यांचा फोटो काढून आईच्या फोनमध्ये ठेवा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही येऊ द्या. बिलावर आयएमईआय छापलेला नसेल तर दुकानातून हलू नका.

फोन गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. मग सिम कंपनीकडून त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण पुढचा ओटीपी त्यावर येतो. संचार साथीवर तक्रारीची प्रत, बिल आणि आयएमईआय टाकून फोन ब्लॉक करा. कुठल्याही कंपनीचं सिम घातलं तरी तो भारतात चालत नाही. यूपीआयमधून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, उद्यावर टाकू नका. फोन ब्लॉक करताना संचार साथीवर विनंती क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. फोन सापडला तर त्याच क्रमांकावरून तो पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो.