आधी वजन करा, मग चिंच लावा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका भंगारवाल्याकडे पितळेचा चपटा, गोल ठोकळा मिळाला. वर चिमटीत धरायला बोंडासारखी मूठ. "पेपरवेट असेल," तो म्हणाला. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर २३२ ग्रॅम! कोडं तिथेच सुटलं. तोळा ११.६६ ग्रॅमचा, २० तोळे म्हणजे २३३ ग्रॅम, म्हणजेच पाव शेर. १९५८मध्ये किलो-ग्रॅम लागू व्हायला लागले, त्याआधीचं हे तराजूचं वजन. वापरून ग्रॅमभर झिजलेलं. तेव्हा अनोळखी वस्तू आधी तोलून बघा. लोहचुंबक लावा, चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. तळाचा शिक्का भिंगातून वाचा, फोटो काढून ठेवा. चिंच लावून घासणं सगळ्यात शेवटी. मी ते आधी केलं, आणि अर्धी अक्षरं घालवून बसलो.