थंडी सरताना कपड्यांच्या या चुका टाळा

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो, पण सोलापुरात ती एकदम जात नाही. फेब्रुवारीत पहाटे पारा 18 च्या आसपास असतो आणि दुपारी 33-34 वर चढतो. सकाळी गाडीवरून निघताना बोटं गार पडतात आणि एक वाजता पाठीला घामाने कपडा चिकटतो. या दिवसांत माझ्याकडे शिवायला आणि दुरुस्तीला जे कपडे येतात, त्यांत दरवर्षी त्याच चुका असतात, आणि बहुतेक आतल्या बाजूला असतात. म्हणून हातात आलेला कपडा मी आधी उलटा करून बघते.

सगळ्यात जास्त कपडे बिघडतात ते अस्तरामुळे. वरचं कापड सुती, हातमागाचं, चांगले पैसे मोजून घेतलेलं असतं. अस्तर मात्र पॉलिस्टरचं, कारण ते स्वस्त मिळतं, चमकतं आणि इस्त्री मागत नाही. पण अंगाला लागतं ते अस्तरच. पॉलिस्टर घाम शोषत नाही, मग वर कितीही हवेशीर कापड असलं तरी दुपारी उपयोग शून्य. शिवाय सुती कापड पाण्यात आटतं आणि पॉलिस्टर आटत नाही. कपडा एकदा धुतला की भांडण सुरू.

एक मुलगी चाटी गल्लीतून हातमागाचं सुंदर मोरपिशी कापड घेऊन आली होती. चुलतभावाचा साखरपुडा तोंडावर आलेला. मी म्हटलं, कापड रात्रभर पाण्यात राहील, उद्या वाळेल, मग कापायला घेईन. ती म्हणाली, “काकू, भिजवायला वेळ नाहीये, तसंच शिवा ना.” मी तसं शिवत नाही. तिने दुसरीकडून एका दिवसात शिवून घेतलं, साखरपुड्यात छान दिसलंही असेल. पहिल्या धुण्यानंतर तोच कुर्ता घेऊन ती माझ्या दारात उभी. कुर्ता वर चढला होता, अस्तर खालून दोन बोटं लोंबत होतं, काखेतली शिवण चुरगळून गोळा झाली होती आणि गळा एका बाजूला ओढला गेला होता. खालची दुमड उसवून लांबी सोडावी म्हटलं तर शिवणाऱ्याने आत कापडच ठेवलेलं नव्हतं. शेवटी अस्तर पूर्ण काढलं, भिजवून घेतलेल्या मलमलीचं नवीन लावलं, उरलेल्या तुकड्यांची पट्टी काढून खाली जोडली. बाह्यांचं काहीच करता आलं नाही, त्या आखूडच राहिल्या. इतक्या चांगल्या कापडाचं असं झालेलं बघवत नाही.

माझी सवय सरळ आहे. कापड आणि अस्तर दोन्ही रात्री बादलीत, गडद रंगाची बादली वेगळी. सकाळी न पिळता सावलीत टाकायचं आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची. सुती कापड पहिल्या पाण्यात शंभरात तीन ते पाच तरी आटतं, म्हणजे अडीच मीटरला आठ-दहा सेंटीमीटर सहज गेले. तेवढं जास्तीचं घ्या. एका रात्रीची घाई करणाऱ्यांना यातला जवळचा रस्ता मी सांगू शकत नाही, कारण तो नाहीच.

दुसरी चूक जाकिटाखालच्या कपड्याची. सकाळी वरचं जाकीट छान असतं, म्हणून आत कुठलाही विटका टी-शर्ट चालवून घेतात. अकरा वाजता जाकीट निघतं आणि उरलेला दिवस तो टी-शर्टच लोकांना दिसतो. आतला कपडा आधी ठरवा. भर दुपारी तो एकटा शोभला पाहिजे. मी स्वतः पूर्ण बाहीचा सुती कुर्ता, त्यावर बिनबाहीचं जाकीट आणि एक सुती ओढणी एवढंच घेते. बाह्या दुपारी दुमडता येतात, आणि बिनबाहीचं जाकीट घडी करून पिशवीत जातं. स्वेटर गाडीच्या डिकीत कोंबला की संध्याकाळी तो अंगावर घालण्याजोगा राहत नाही.

सोलापुरी चादरीच्या कापडाची जाकिटं मला मनापासून आवडतात. आपल्या गावचं विणकाम अंगावर मिरवावं असंच आहे. पण ते जाड जॅकार्ड, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेलं, कापड डिसेंबर-जानेवारीचं. पुढे वापरायचं तर फक्त खांद्यापुरतं अस्तर लावा, बाकी शिवणींना आतून पट्टी मारा. आणि त्याची नक्षी मोठी असते, तेव्हा खाली फुलाफुलांचा कुर्ता नको. एकरंगी, शक्यतो नक्षीतलाच एखादा रंग उचलून घ्या.

थंडीत गडद आणि नंतर फिके रंग हा नियम कुठून आला कळत नाही. आपल्याकडे ऐन जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्याशुभ्र बाराबंदीने, म्हणजे बंद बांधायच्या जुन्या पद्धतीच्या अंगरख्याने, रस्ते भरून जातात. ऋतू बदलतो तेव्हा कापडाची जाडी बदला, रंग तुमच्या आवडीचे ठेवा. संक्रांतीची काळी सुती साडी पाडव्यापर्यंत खुशाल नेसा, फक्त उन्हात नको, संध्याकाळी.

मखमल दुपारच्या मुहूर्ताला नको, फोटोसाठीसुद्धा नको.

पांढऱ्या कुर्त्याच्या आत पांढरं नाही, अंगाच्या रंगाचं घाला.

अत्तर आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग साडी नेसा. जरीवर फवारलं की ती काळी पडते.

राहिले आवरून ठेवायचे लोकरीचे कपडे. “दोनदाच तर घातला” म्हणत स्वेटर न धुता ट्रंकेत जातो आणि दिवाळीनंतर त्याला भोकं दिसतात. कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते, त्यातही घामाचे आणि तेलकट डाग आधी. धुवा, पूर्ण वाळवा, मगच ठेवा. आपली सोलापुरी चादर सुती, तिला कसरीची भीती नाही, पण दमट राहिली तर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीच्या साडीच्या घडीत कधीच नाही.