समुपदेशनात देवाधर्माचा विषय निघाला की या चुका टाळा

मराठवाड्यात नवरा-बायकोच्या भांडणात देव येणार नाही असं धरून चालू नका. कुणाच्या घरी तुळजापूरच्या देवीचा कुळधर्म, कुणी माळकरी, कुणाच्या गळ्यात इष्टलिंग, कुणाच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कुणी खुलताबादच्या दर्ग्याला जाणारं. तरी नवे समुपदेशक त्याच त्या चुका करतात आणि जोडपं परत येत नाही.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे आडनाव, कपाळ, गळा बघून श्रद्धा ठरवणं. ही मीही केली आहे.

जालन्याकडची एक नवी सून होती. सासूची तक्रार, "नवरात्रात घटाला हात लावत नाही, प्रसाद खात नाही, आमच्या देवीचा अपमान करायली." दोन्हीकडची माणसं एकाच जातीची, म्हणून देवही एकच असणार असं मी समजले. तिला म्हणाले, "एक घास खाल्ला तर काय बिघडतं?" ती मान खाली घालून गेली. तीन महिन्यांनी सासरी वकिलाची नोटीस आली.

नवऱ्याने फार विनवलं म्हणून ती पुन्हा एकदा आली. दारातच हात जोडून म्हणाली, "दंडवत प्रणाम." पहिल्या दिवशीही ती हेच म्हणाली होती, माझं लक्ष नव्हतं. माहेर महानुभाव पंथाचं, लहानपणापासून भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला जाणारी, उपदेश घेतलेली. महानुभावांची भक्ती पंचकृष्णांची, म्हणजे श्रीकृष्णापासून पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींपर्यंतच्या पाच अवतारांची. चक्रधरस्वामींच्या शिकवणीत इतर देवतांची उपासना नाही, आणि जीवहिंसा तर मुळीच नाही. या घरात देवीला बोकड पडायचा. मी सुचवलेला एक घास तिच्या लेखी धर्म सोडणं होतं.

या वेळी मी सल्ला दिला नाही. दोन्हीकडे एकच विचारलं, हे पाळलं गेलं नाही तर काय होईल? ती म्हणाली, "आईला तोंड कसं दाखवू?" सासऱ्यांचे डोळे भरून आले. "आमच्या मागं घट कोण बसविल?" इतके दिवस हे कुणी बोललंच नव्हतं. मग त्यांनीच ठरवलं: घट मुलगा बसवील, घरचा रोजचा स्वयंपाक सून करील, नैवेद्य आणि बोकडाचं काम तिच्याकडे नाही. नोटीस मागे घेतली गेली.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढते. प्रत्येक नावापुढे कुळदैवत, गुरू, पंथ, उपवास, आणि कुणी घरची वाट सोडली असेल तर तेही. यात अर्धा तास जातो, आणि तो जायलाच हवा.

घाई करणारे मात्र तयार प्रश्नावली शोधतात. अमेरिकेत १९९६ मध्ये डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी चार मुद्दे बसवले: श्रद्धा कशावर, आयुष्यात तिचं महत्त्व किती, सोबतीला समाज कोणता, उपचारात तिची दखल कशी घ्यायची. मुद्दे उत्तम आहेत. पण पहिल्या दहा मिनिटांत ओळीने विचारले, तर माणूस जनगणनेच्या माणसाला देतो तशी उत्तरं देतो. मला याचा खरोखर राग येतो. आधी चहा होऊ द्या, शेतीपाण्याचं बोलणं होऊ द्या. देव आपोआप निघतो.

सासूसमोर सुनेला श्रद्धेबद्दल विचारू नका. आधी एकेकट्याशी बोला.

आपला गुरू, आपलं पारायण सुचवू नका. मी माळकरी घरातली, पण माझ्या खोलीत देवाचा एकही फोटो नाही.

अंगात येतं म्हटल्याबरोबर "अंधश्रद्धा" म्हणून मोकळे होऊ नका. कधी येतं, त्याआधी घरात काय घडलं, एरवी त्या बाईचं कोण ऐकतं, हे विचारा. झोप, भूक उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. भूत उतरवायचं म्हणून कुणी मारत असेल, चटके देत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो घरच्यांना स्पष्ट सांगा.

आणि "नवरा म्हणजे देव, सोसावं" असं बाई म्हणत असेल आणि अंगावर वळ असतील, तर धर्माची चर्चा तिथेच थांबवा. नवऱ्याला बाहेर बसवा. रात्री ती आणि लेकरं कुठे राहणार ते आधी ठरवा, महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तिला तोंडपाठ करून द्या, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला तिच्या संमतीने त्याच दिवशी फोन लावा.